आरती आपण म्हणतो की लावतो?

मराठीत सगळ्यात जास्त गळ्यांतून गेलेली रचना कोणती, असं विचारलं तर आपण नाट्यपदं आठवतो, भावगीतं आठवतो, अजय-अतुलची गाणी आठवतो. माझं उत्तर वेगळं आहे, आणि ते दरवर्षी दहा दिवस गल्लीगल्लीत ऐकू येतं. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’. तिला कुणी गाणं म्हणत नाही. तिच्या सादरीकरणावर कुठे परीक्षण छापून येत नाही, गाणाऱ्याला बिदागी नसते आणि चुकणाऱ्याला कुणी थांबवत नाही. ती प्रसादाआधीची पायरी समजली जाते. लहानपणी तर मोदक आणि आपल्यामध्ये असलेला अडथळाच.

मला या लेखात तिच्याकडे संगीत म्हणून बघायचं आहे. तिची चाल कशी आहे, बांधणी कशी आहे, मोठ्या गायकांनी तिच्यासारख्या रचना कशा गायल्या आणि आता ती नक्की कोण गातंय? या शेवटच्या प्रश्नापायीच लिहायला बसले आहे, कारण निदान माझ्या जालन्यात तरी त्याचं उत्तर बदलत चाललंय.

जालन्याचा दुहेरी हक्क

या आरतीवर जालना जिल्हा दोन बाजूंनी हक्क सांगू शकतो. परंपरा जिचं कर्तेपण समर्थ रामदासांना देते, त्या रामदासांचा जन्म १६०८ सालचा, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. गावाला आज जांब समर्थच म्हणतात. दुसऱ्या बाजूला भोकरदन तालुक्यात राजूर आहे. तिथला गणपती साडेतीन गणेशपीठांपैकी एक पूर्ण पीठ मानला जातो. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून लोक रात्रभर चालत राजूरला जातात. रस्त्यात चहाचे, फराळाचे मंडप लागतात, कुणाच्या हातात टाळ असतात, कुणाच्या खिशात मोबाईलवर गाणी चालू असतात आणि पहाटे रांगेत उभं राहून सगळे तीच आरती म्हणतात.

गंमत अशी, की आख्यायिकेनुसार ही आरती राजूरच्या गणपतीला बघून सुचलेली नाही. ती मोरगावच्या मयूरेश्वरासमोर सुचली असं सांगतात. म्हणजे कवी आमचा आणि गणपती पुणे जिल्ह्यातला. राजूरच्या रांगेत उभं असताना मात्र हा तपशील कुणाला आठवत नाही, आणि तेच बरोबर आहे. चांगल्या समूहगीताला मालक उरत नाही.

माहीत असणाऱ्यांसाठी कडवं, सगळ्यांसाठी ध्रुवपद

आता तिची बांधणी बघू. मराठी आरत्यांचा एक साचा आहे. देवाचं वर्णन करणारं कडवं आणि प्रत्येक कडव्यानंतर परत येणारा जयजयकार. हा साचा एवढा पक्का आहे, की गणपतीनंतर शंकराची, मग देवीची, मग दत्ताची आरती आपण जवळपास त्याच चालीवर म्हणून मोकळे होतो. शंकराची ‘लवथवती विक्राळा’ रामदासांचीच, देवीची ‘दुर्गे दुर्घट भारी’ नरहरींची, दत्ताची ‘त्रिगुणात्मक त्रैमूर्ती’ एकनाथांची. कवी वेगळे, काळ वेगळा, शब्दांचा पोत वेगळा आणि तरी एका माणसाने सूर धरला की अख्खा मांडव एकीतून दुसरीत सहज शिरतो.

यातली हुशारी बघा. कडवी अवघड आहेत. त्यांत संस्कृत समास आहेत, दागिन्यांची वर्णनं आहेत, जुन्या मराठीतले शब्द आहेत. ती सगळ्यांना पाठ नसतात. पण ध्रुवपद चार वर्षांच्या पोरालाही येतं. त्यामुळे मांडवातले पाच-सात जण कडवं ओढतात, उरलेले ओठ हलवतात आणि ध्रुवपद आलं की सगळे एकदम मोकळ्या आवाजात सामील होतात. न येणाऱ्याला दर कडव्यानंतर परत आत यायला दार ठेवलेलं आहे. पॉप संगीतातला कोरस हेच काम करतो. स्टेडियममध्ये वीस हजार लोक गाण्याच्या मधल्या ओळींना पुटपुटतात आणि ठराविक जागी ओरडतात, ते याच हिशोबाने.

चालीचंही तसंच. मोठ्या उड्या नाहीत, श्वास कोंडेल अशा जागा नाहीत, ठेका टाळ्यांनी धरता येतो. या चालीचं नातं जोगिया रागाशी जोडलं जातं. जोगिया हा पहाटेचा राग. कोमल रिषभ आणि कोमल धैवत यांच्यामुळे त्यात एक व्याकूळपणा येतो. जोगिया म्हटलं की जाणकारांना उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया मिलन की आस’ आठवते. ती जुनी ध्वनिमुद्रिका आज यूट्यूबवर सहज मिळते. हेडफोन लावून एकदा ऐकाच. आवाज बारीक, टोकदार, आणि एकेका सुरावर असा रेंगाळतो की आपण आपोआप गप्प होतो. ते गाणं ऐकताना सोबत गुणगुणायची हिंमत होत नाही.

त्याच रागाची छाया आरतीत आली की उलटं होतं. तीच कारुण्याची झाक आता चाळीस जणांच्या टाळ्यांत मिसळते. पहाटेचा राग आपण संध्याकाळी साडेसातला, ट्यूबलाइटखाली, झांजा बडवत गातो आणि कुणाला काही खटकत नाही. शास्त्राच्या वेळापत्रकाची अशी सर्रास मोडतोड करणारी आणि तरीही गोड लागणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

उलट्या क्रमाची मैफल

एकटी आरती ऐकून हे संगीत पुरतं कळत नाही. ते कळायला आरत्यांचा पूर्ण क्रम ऐकावा लागतो.

सुरुवात मध्यम लयीत होते, गणपतीपासून. दोन-तीन आरत्यांत आवाज तापतात. मग ‘येई हो विठ्ठले’ येते आणि लय एकदम बदलते. तिच्यात एक जागा अशी आहे, जिथे शब्द लांबवायचा असतो. तिथे मांडवातल्या पोरांची दमाची स्पर्धा लागते. कुणाचा श्वास आधी तुटतो हे बघायला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, हसू फुटतं, कुणीतरी एक शेवटपर्यंत ताणतो आणि विजयी वीरासारखा खाली येतो. शास्त्रीय मैफलीत गायक तार षड्जावर ठाण मांडून बसतो, तेव्हा श्रोत्यांत जी हालचाल होते तीच ही. फरक इतकाच की इथे गायक आणि श्रोता एकच.

पुढे ‘घालीन लोटांगण’. ही खरी द्रुत. मराठीत सुरू होते आणि बघता बघता संस्कृतात शिरते. अनेक ठिकाणचे श्लोक एकापुढे एक शिवलेले आहेत. भागवतातला एक आहे, शंकराचार्यांच्या अच्युताष्टकातला एक आहे आणि शेवटी नाममंत्र. ही गोधडी आहे, आणि गोधडीसारखीच टिकाऊ. टाळ्या वाढतात, माणसं स्वतःभोवती फिरतात, लय चढत जाते आणि टोकाला जाऊन थांबते.

आणि मग मंत्रपुष्पांजली. ठेका बंद. टाळ्या बंद. हातात फुलं आणि संथ, मोठ्या श्वासांचे, वेदातले शब्द. ज्याला अर्थ कळतो तो आणि ज्याला एक अक्षर कळत नाही तो, दोघेही डोळे मिटून त्याच संथ गतीने जातात.

खयालाची मैफल आलापाने सुरू होते, विलंबितातून द्रुतात जाते. आरत्यांचा क्रम मध्यलयीतून द्रुतात जातो आणि ठेका नसलेल्या आलापीत संपतो. मैफलीत शांततेतून उत्साहाकडे जातात, आरतीत उत्साहातून शांततेकडे. हा क्रम कुणा एका संगीतकाराने ठरवलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी म्हणून म्हणून तो बसवला आहे. अंबडला दत्तजयंतीच्या निमित्ताने शास्त्रीय संगीताचा जुना महोत्सव भरतो. तिथे आपण बसतो, ऐकतो, मान हलवतो, दाद देतो. ऐकणं ही तिथली साधना आहे. आरतीच्या मैफलीत मात्र श्रोत्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही. तिथे आलात की गायलाच हवं.

लताबाईंचा आवाज आणि आपली पट्टी

या आरतीचं जे रूप आज सगळ्यांच्या कानात आहे, ते लता मंगेशकरांच्या ध्वनिमुद्रिकेचं. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. घंटानाद, मागे समूहाचा आवाज आणि मध्ये तो स्वच्छ, धारदार सूर. हे उत्तम काम आहे, यात वाद नाही. हृदयनाथ हे उस्ताद अमीर खाँचे शिष्य. अवघड, अनपेक्षित वळणांच्या चाली ही त्यांची ओळख. इथे मात्र त्यांनी हात आवरता घेतला आहे. चाल लोकांची आहे, ती लोकांना परत मिळाली पाहिजे, याचं भान त्या संयमात दिसतं.

तुलनेसाठी ‘शिवकल्याण राजा’ ऐका. १९७४ सालचा हा संच, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हाचा. कवी, संगीतकार, गायिका हे त्रिकूट तिथेही आहे, कारण त्यात रामदासांचं ‘निश्चयाचा महामेरू’ आहे. तिथे हृदयनाथांनी हात मोकळा सोडला. परिणाम भव्य आहे. पण ते गाणं आपण ऐकतो. मांडवात उभं राहून चाळीस जणांनी एकत्र म्हणायची ती रचना नाही, आणि तसा तिचा दावाही नाही. दोन्हींत रामदासच आहेत, तरी एकीत आपण श्रोते आहोत आणि दुसरीत गायक. चांगल्या संगीतकाराला हा फरक कळतो.

या ध्वनिमुद्रिकेने आपल्याला काय दिलं, तेही मोजलं पाहिजे. कॅसेट आल्या तेव्हा ज्या घरात गुरुजी येत नव्हते, ज्यांना पोथी वाचता येत नव्हती, जे गाव सोडून सुरत, मुंबई, हैदराबादला गेले होते, त्या सगळ्यांना एक भरवशाचा सूर मिळाला. आरती पाठ नसण्याची लाज गेली. कॅसेट लावायची, सोबत म्हणायचं, दोन वर्षांत पाठ. ध्वनिमुद्रिका इथे मास्तरीण होती.

पण एक अडचण पट्टीतच आहे. लताबाईंचा सूर उंच आहे. मांडवातल्या पुरुषांना त्या पट्टीत गाता येत नाही. ते खालच्या सप्तकात उतरतात, तिथे आवाज दबतो, स्पीकरपुढे स्वतःचं स्वतःलाच ऐकू येत नाही आणि माणूस हळूहळू गप्प होतो. ध्वनिमुद्रिका नसते तेव्हा हा प्रश्न येत नाही. कुणीतरी आपल्या गळ्याला झेपेल तो सूर लावतो, बाकीचे त्याला जुळवून घेतात. गर्दी आपली पट्टी आपणच शोधते.

प्रत्येक ध्वनिमुद्रिका लोकांना गप्प करते असंही नाही. १९९९च्या ‘वास्तव’मधली ‘शेंदुर लाल चढायो’ आठवा. रवींद्र साठ्यांचा भारदस्त, खालच्या पट्टीतला आवाज. ती ऐकताना आपण मांडवाबाहेर उभे आहोत असं वाटत नाही, आपण रांगेतच उभे असतो. कुठल्याही पोराला वाटतं, हे मला जमेल. त्या चित्रपटानंतर कितीतरी मांडवांत ही आरती नव्या जोमाने म्हणताना मी ऐकली आहे. म्हणजे मुद्रित आवाजही आमंत्रण देऊ शकतो. ते त्या आवाजाच्या जातीवर आणि आपण तो कशासाठी वापरतो यावर ठरतं.

फळीवर कोण आहे?

दरवर्षी गणपती आले की एक रील फिरतं. आरतीतले शब्द लोक कसे चुकवतात त्याचं. ‘संकटी’चं ‘संकष्टी’ होतं. ‘फणिवरबंधना’चं ‘फळीवर वंदना’ होतं. आपण हसतो, शेअर करतो. मूळ शब्दात नागराजाला कमरेला बांधलेला गणपती आहे. आपण त्याला उचलून फळीवर बसवतो. पण घरातला गणपती खरंच फळीवर बसलेला असतो, तेव्हा त्या चुकीतही एक तर्क आहे.

समीक्षक म्हणून मला या चुका मौल्यवान वाटतात. त्या सांगतात, की ही रचना कागदावरून नाही, कानावरून आली आहे. आजीच्या तोंडून आईच्या कानात, आईच्या तोंडून लेकराच्या. वाटेत शब्द झिजले, वाकले, जवळच्या ओळखीच्या शब्दाला जाऊन चिकटले. लोकसंगीत असंच जगतं. शुद्ध शब्द जरूर शिकावेत, अर्थ कळला तर गोडी वाढते. पण ज्या मांडवात एकही चूक ऐकू येत नाही, तिथे मला शंका येते. चूक करायला आधी तोंड उघडावं लागतं.

गेल्या काही वर्षांत जालन्यातल्या मांडवांत मला हेच जाणवतंय. आरतीची वेळ होते, एक मुलगा मोबाईल काढतो, ब्लूटूथ जोडतो आणि प्ले करतो. आवाज निर्दोष. शब्द निर्दोष. माणसं टाळ्या वाजवतात, एका हाताने व्हिडिओ काढतात. अशाच एका ठिकाणी शेजारच्या मावशींनी विचारलं, “काय रे, तोंडानं नाही का म्हणायलात कुणी?” त्यावर तो मुलगा अगदी सरळपणे म्हणाला, “मावशी, लावलीय ना आरती. लता दीदी म्हणायल्यात की!” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं, आणि आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं.

भाषेने हा बदल केव्हाच टिपला आहे. आपण आधी आरती ‘म्हणायचो’. आता आरती ‘लावतो’. गॅस लावतो, गजर लावतो, तशी आरती लावतो. डीजेच्या भिंतींवर आपण सगळेच चिडून लिहितो आणि ते रास्तही आहे. पण डीजे मिरवणुकीत असतो. मांडवातला तो छोटा, सुरेल, कुणालाच त्रास न देणारा स्पीकर जे करतो त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. तो अवघ्या मांडवाला श्रोता करून टाकतो.

एवढं काय बिघडतं?

एखादा म्हणेल, ऐकणं वाईट आहे का? बेसूर गाण्यापेक्षा सुरेल ऐकलेलं काय वाईट? प्रश्न योग्य आहे. शास्त्रीय मैफलीत मीही शेजारच्याने गुणगुणू नये अशाच मताची आहे.

पण आरतीचं माप वेगळं आहे. दासबोधात रामदासांनी कीर्तनावर आणि हरिकथेवर स्वतंत्र समास लिहिले आहेत. गाणं, ताल, वाद्यं यांचं त्यांना वावडं नव्हतं. पण मन कलेतच अडकून पडलं तर ज्याच्यासाठी गायचं तोच राहून जातो, हा इशाराही ते देतात. हा इशारा आजच्या मांडवाला वेगळ्या अर्थाने लागू पडतो. उत्तम आवाजाच्या मोहात आपण आपला आवाज बाजूला ठेवला.

मराठवाड्याला एकत्र आवाज लावण्याची किंमत माहीत असायला हवी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. जाहीर सभा घ्यायची तर सरकारी परवानगी लागायची. त्यासाठीचा गश्ती क्रमांक ५३ हा हुकूम इथल्या इतिहासात बदनाम आहे. अशा राज्यात कीर्तन, भजन, आरती ही चार माणसांनी एकत्र उभं राहून मोकळा आवाज काढायची जागा होती. आता परवानगीचा प्रश्न नाही आणि आवाज आपणच बंद केलाय. मुक्तिसंग्राम दिन बऱ्याचदा गणेशोत्सवातच येतो, म्हणून हे जास्त टोचतं.

आरतीच्या शेवटच्या कडव्यात कवी स्वतःचं नाव घेतो. रामाचा दास आपल्या घरी गणपतीची वाट बघत बसला आहे, अशा आशयाचं ते चित्र आहे. लग्नाच्या बोहल्यावरून पळून गेलेला, आयुष्यभर फिरत राहिलेला माणूस इथे घरात वाट बघतो. एवढं खासगी, एवढं एकट्याचं वाक्य आपण चाळीस जण मिळून म्हणतो, आणि तेवढा वेळ ती वाट बघणं प्रत्येकाचं होतं. स्पीकरवर ते शब्द ऐकले की ते रामदासांचे राहतात, लताबाईंचे होतात. स्वतः म्हटले की आपले होतात. या रचनेची सगळी कारागिरी, तो सोपा ठेका, तो परत येणारा जयजयकार, तो लहान आवाका, या एका गोष्टीसाठी आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लताबाईंची ध्वनिमुद्रिका ऐका, पण आरतीच्या आधी. दुपारी, हेडफोन लावून, शब्द नीट कळावेत म्हणून. तिच्याकडून शिका. संध्याकाळी मात्र स्पीकरची पिन काढा आणि मांडवात ज्याला सगळ्यात कमी लाज वाटते त्याला पहिलं कडवं सुरू करू द्या. सूर बहुतेक चुकीचा लागेल. पट्टी फार वर जाईल किंवा फार खाली. दुसऱ्या कडव्यापर्यंत कुणीतरी हळूच ती सावरेल. शंकराच्या आरतीत दोघं-तिघं शब्द विसरतील आणि एखादी काकू त्यांना सांभाळून घेईल. विठ्ठलाच्या आरतीत कुणाचा तरी दम तुटेल. मंत्रपुष्पांजलीला सगळे गप्प होतील, तेव्हा ती शांतता आपण कमावलेली असेल.